सुखी समूहमन आणि एकाकी लेखिका : ‘प्लुरिबस’च्या निमित्ताने

दूरचित्रवाणीवरील मालिका ही संहिता म्हणून नेहमीच अपूर्ण अवस्थेत आपल्यापुढे येते. तिच्याविषयी काही म्हणायचे तर शेवटाची वाट पाहावी, हा सावधपणा समीक्षेच्या दृष्टीने रास्तच आहे. परंतु हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’मधून क्रमशः वाचणाऱ्या वाचकाला शेवट ठाऊक नव्हता, आणि तरीही यमूच्या दुःखाविषयी त्याचे काही एक नैतिक मत प्रकरणागणिक बनत होतेच. शेवट कळल्यावर असे मत पुष्कळदा पुसले जाते. म्हणून ‘प्लुरिबस’ या विज्ञानकथात्मक मालिकेच्या पहिल्या पर्वाचे नऊ भाग डिसेंबर २०२५मध्ये पुरे झालेले असले, तरी हा लेख पहिल्या चार भागांपुरताच मर्यादित ठेवला आहे. मालिकेने उभा केलेला प्रश्न या चार भागांत सर्वांत उघडा आहे. पुढे कथानकाची गुंतागुंत त्याच्यावर चढत जाते.

व्हिन्स गिलिगन हे ‘ब्रेकिंग बॅड’ (२००८–२०१३) आणि ‘बेटर कॉल सॉल’ (२०१५–२०२२) या मालिकांमुळे सर्वपरिचित झालेले नाव. सामान्य माणूस पायरीपायरीने दुष्ट कसा होत जातो, हा त्यांचा आजवरचा विषय. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी ज्याचे पहिले दोन भाग प्रसारित झाले, त्या या नव्या मालिकेत त्यांनी प्रश्न उलटा केला आहे : सारे जगच एका रात्रीत चांगले झाले तर? सहाशे प्रकाशवर्षांवरून एक रेडिओसंदेश येतो. त्यातील चार स्वर म्हणजे आरएनएच्या रेणूची चार अक्षरे आहेत, असे ध्यानात येते. प्रयोगशाळेत तो रेणू सिद्ध केला जातो, तो निसटतो, आणि पृथ्वीवरील जवळजवळ सर्व माणसांची मने जुळून एकच मन तयार होते. युद्धे थांबतात, तुरुंग रिकामे होतात, प्राणिसंग्रहालयांतील प्राणी मोकळे सोडले जातात. हे मन खोटे बोलत नाही, जाणूनबुजून कोणाचा जीव घेत नाही, आणि ते सुखी आहे. या जुळणीतून सुटलेली माणसे जगभरात अवघी तेरा. त्यांपैकी एक कॅरल स्टर्का. अमेरिकेतील अल्बकर्की शहरात राहणारी, अद्भुतरम्य प्रणयकादंबऱ्या लिहून गाजलेली, आपल्या वाचकांना मनातून तुच्छ लेखणारी आणि एकूणच चिडखोर अशी ही लेखिका. रिया सीहॉर्न यांनी ती भूमिका केली आहे.

आकाशातून आलेल्या संकेतातून सजीव घडविण्याची कल्पना नवी नाही. १९६१ साली बीबीसीने ‘ए फॉर अँड्रॉमेडा’ ही सात भागांची मालिका सादर केली होती. तिचे सहलेखक होते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, म्हणजे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू. त्या मालिकेतही दूरच्या तेजोमेघाकडून आलेल्या संदेशानुसार आधी संगणक उभा राहतो आणि पुढे त्यातून एक जीव निर्माण होतो. (तिच्या चित्रफितींपैकी बहुतांश आता नष्ट झाल्या आहेत.) हॉईल यांची परंपरा नारळीकरांच्या द्वारे मराठी विज्ञानकथेत उतरली, आणि तिचे वैशिष्ट्य असे की परकीय बुद्धीशी होणाऱ्या सामन्यात तेथे निर्णायक ठरते ते मानवी तर्कसामर्थ्य. ‘प्लुरिबस’मध्ये संकेत उलगडण्याचा भाग काही मिनिटांत आटोपतो. वैज्ञानिक तपशिलात मालिकेला फारसे स्वारस्य नाही, आणि ते मला दोषास्पद वाटत नाही. तिला विचारायचे आहे ते निराळेच : या नव्या जगात नेमके वाईट काय आहे?

सोपे उत्तर हाताशी आहे. जुळणीच्या वेळी अठ्ठ्याऐंशी कोटींहून अधिक माणसे मरण पावली. कॅरलची सहचरी हेलन त्यांतलीच एक. ही हानी भयंकर आहे खरी, पण तिच्यावर बोट ठेवून थांबणे म्हणजे प्रश्न चुकविणे होय. एकही माणूस न मरता हे घडले असते तर आपली हरकत उरली असती की नाही? मालिका येथे पारडे मुद्दाम दुसरीकडे झुकविते. कॅरल संतापली की तिच्या भावनेचा आघात समूहमनाला सोसत नाही. सर्व शरीरे एकाच वेळी झटके येऊन कोसळतात. दुसऱ्या भागात तिच्या एका संतापाच्या उद्रेकापायी एक कोटी दहा लाख माणसे मरतात. व्यक्तिस्वातंत्र्याची कैवारी असलेली नायिकाच अशा रीतीने हत्यारी ठरते, आणि समूहमन तिच्यावर रागावतसुद्धा नाही.

दुसऱ्या भागातील बिल्बाओ येथील बैठकीचा प्रसंग नीट पाहण्याजोगा आहे. कॅरलच्या मागणीवरून तेथे, तिच्याप्रमाणेच सुटलेली परंतु इंग्रजी बोलणारी, पाच माणसे गोळा केली जातात. आपण सारे मिळून जग पूर्ववत करू, असे तिला वाटत असते. बाकीच्यांना तशी निकड जाणवत नाही. त्यांत लक्ष्मी नावाची एक भारतीय स्त्री आहे. तिचा लहान मुलगा समूहमनात सामील झालेला आहे आणि तो तिच्या शेजारी बसलेला आहे. तिचे म्हणणे एवढेच, की हा माझाच मुलगा आहे. या मुलाच्या ठायी आता जगातल्या सर्व डॉक्टरांचे ज्ञान वसते आहे, तो तुझा मुलगा राहिलेला नाही, हे कॅरल अत्यंत निर्दयपणे दाखवून देते. प्रेक्षकाची सहानुभूती या प्रसंगात लक्ष्मीकडे जाते, आणि तार्किकदृष्ट्याही कॅरलचा युक्तिवाद लंगडा आहे. ज्ञानाची भर पडल्याने व्यक्ती नाहीशी होते असे म्हणता येत नाही. मूल शिकून शहाणे झाले म्हणून ते आईचे राहत नाही असे कोण म्हणेल? त्याच्या आठवणी शाबूत आहेत, सवयी शाबूत आहेत, आईविषयीची माया तर पूर्वीहून अधिक असेल. लॉकपासून चालत आलेली, स्मृतीच्या सातत्यात व्यक्तीची ओळख शोधणारी भूमिका मान्य केली, तर लक्ष्मीचे म्हणणे खोडून काढता येणार नाही.

मग काय हरवले? मला वाटते, त्या मुलाला आता हट्ट करता येत नाही. आईला काय हवे ते त्याला आधीच ठाऊक आहे आणि ते देण्यातच त्याचा संतोष आहे. आईच्या इच्छेपुढे आपली वेगळी, तिला न कळणारी, प्रसंगी तिला दुखावणारी इच्छा उभी करणारे असे तेथे कोणी नाही. इमॅन्युएल लेव्हिनास या तत्त्वचिंतकाने अन्यत्वाची मीमांसा करताना आग्रहाने मांडले होते, की दुसरा माणूस माझ्या आकलनाच्या कवेत पुरता मावत नाही आणि त्या न मावण्यातच नीतीचा उगम आहे. त्याच्या ‘टोटॅलिटी अँड इन्फिनिटी’ या ग्रंथाचे सालही १९६१च, हा केवळ योगायोग. समूहमनाच्या संदर्भात ही मांडणी उलट दिशेनेही वापरता येते. त्या मनाला आतून कोणीच दुसरे नाही. म्हणून त्याच्या सद्वर्तनाला सद्गुण म्हणता येईल काय, हा प्रश्न उरतो. ज्याला मत्सर वाटूच शकत नाही त्याची उदारता आणि ज्याला भीती नाही त्याचे धैर्य, यांना आपण कोणत्या अर्थाने मोल देतो?

येथे चौथ्या भागातील एक दृश्य समीक्षेच्या वाचकाला विशेष जवळचे वाटेल. समूहमन खोटे बोलत नाही हे ताडून पाहण्यासाठी कॅरल आपल्या कादंबऱ्यांविषयी त्याचे मत विचारते. तिच्यासमोर उभा असलेला माणूस मनापासून स्तुती करतो. शेक्सपिअरच्या तोडीच्या आहेत काय, या तिच्या कुत्सित प्रश्नालाही होकारार्थी उत्तर येते : दोन्ही सारख्याच सुंदर. हा उत्तम विनोद आहे, आणि त्यात एक भयही दडलेले आहे. जगातला प्रत्येक वाचक या मनात समाविष्ट आहे. ज्यांनी तिच्या पुस्तकांवर जीव टाकला ते, ज्यांनी ती फेकून दिली ते, आणि जे समीक्षक होते तेही. परंतु इतके सारे वाचक एकवटल्यावर वाचक म्हणून कोणीच शिल्लक राहिलेले नाही. अभिरुचीला निवड लागते आणि निवडीला वगळणे लागते. सर्वांवर सारखेच प्रेम करणाऱ्याला एखाद्या साहित्यकृतीबद्दल काहीही सांगता येत नाही, ती आवडते एवढेच म्हणता येते. एखाद्या गंभीर मासिकातल्या अभिप्रायांवरही हा आरोप अधूनमधून करता येईल, पण तो विषय वेगळा.

त्याच दृश्याचा उत्तरार्ध अधिक बोचरा आहे. कॅरल हेलनचे मत विचारते. मरण्यापूर्वी काही क्षण हेलन त्या मनाचा भाग झालेली असल्याने तिच्या आठवणी तेथे जमा आहेत. जी अप्रकाशित, गंभीर कादंबरी कॅरलने प्राणापलीकडे जपली, ती हेलनने अर्धवटच वाचली होती आणि तिला ती विशेष वाटली नव्हती, असे बाहेर पडते. हे ऐकून कॅरल दुखावते. तिला स्तुतीने काही मिळाले नव्हते. या नापसंतीने मात्र ती एका खऱ्या माणसाच्या समोर क्षणभर उभी राहते. हेलनने ते मत लपवून ठेवले होते, आणि त्या लपविण्यात प्रेम होते. समूहमनाला लपविता येत नाही. सत्याचा असा उघडेपणा आपण नैतिकदृष्ट्या श्रेष्ठ मानतो, परंतु दोन माणसांमधील सौजन्य कितीतरी वेळा न बोललेल्या गोष्टींवर उभे असते, याचा विचार नीतिशास्त्रात फारसा झालेला नाही.

या मनाला इच्छाच नाही असे मात्र समजू नये. कॅरलने मागितले तर ते हातबॉम्ब आणून देते. कुंबा दियाबाते नावाच्या गृहस्थाला राजेशाही विलास हवा असतो, तो त्याला मिळतो. फक्त एका मागणीपाशी ते अडते. मला तुमच्यात यायचे नाही, हे तिचे म्हणणे त्याला अखेरचे म्हणून मानता येत नाही. बुडणाऱ्याला वाचविताना त्याची संमती कशाला विचारायची, असा त्याचा पवित्रा आहे. दुसऱ्याचे खरे हित आपल्याला त्याच्याहून अधिक कळते या विश्वासातून जुलूम कसा जन्मतो, हे आयझाया बर्लिन यांनी १९५८ सालच्या व्याख्यानात दाखविले होते. तेथील जुलमी माणूस निदान क्रूर होता. येथे तो मृदू, नम्र आणि निःस्वार्थ आहे. त्यामुळे बर्लिन यांच्या युक्तिवादाची खरी कसोटी येथे लागते, आणि माझ्या मते तो तिला उतरतो.

मराठी वाचकाला ही मालिका पाहताना पसायदान आठवल्यावाचून राहणार नाही. दुष्टांचा नाश न मागता त्यांच्यातील वाकडेपणा जावा, प्राणिमात्रांत मैत्री व्हावी, ज्याला जे हवे ते लाभावे, या मागण्यांची यादी समोर ठेवली तर समूहमनाने त्या जवळपास तंतोतंत पुऱ्या केल्या आहेत. ही साम्याची जाणीव अस्वस्थ करणारी आहे, आणि आपल्याकडील अद्वैत म्हणजे काही वेगळे, असे म्हणून ती झटकून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. भेद शोधायचा तर तो तपशिलात शोधला पाहिजे. मैत्रीला ‘परस्पर’ लागते. इच्छा करणारे ‘जो जो’ अनेक असावे लागतात. ज्ञानदेवांची प्रार्थना अनेकांना गृहीत धरते आणि त्यांचे अनेकपण मिटविण्याची विनंती करीत नाही. तुकोबा तर मुक्ती नाकारून संतांची संगत मागतात. संगत एकट्याला घडत नाही. भक्तीला आस्वादापुरते का होईना द्वैत राखावे लागते, हे वारकरी परंपरेने ओळखले होते. शिवाय पसायदान हे मागणे आहे. ते कोणाच्या श्वासातून शरीरात शिरत नाही.

मालिकेवर एक आक्षेप घेतलाच पाहिजे. प्रतिकाराचा पहिला उद्गार अमेरिकन स्त्रीच्या तोंडी आहे आणि बिल्बाओला जमलेली आशिया–आफ्रिकेतील माणसे तूर्त तरी निवांत, समजूतदार किंवा विलासी दाखविली आहेत. अमेरिकेच्या राजमुद्रेवरील ‘अनेकांतून एक’ या लॅटिन वचनावरून मालिकेचे नाव घेतले आहे, तेव्हा तिचा रोख स्वदेशाकडेही असावा. तरीसुद्धा वाटण्याची ही विभागणी निर्दोष नाही. उलट बाजूने असेही म्हणता येईल, की कॅरलने फक्त इंग्रजी जाणणाऱ्यांनाच बोलावले, ही तिची मर्यादा मालिका जाणूनच दाखविते. समूहमनाला साऱ्या भाषा येतात. स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या नायिकेला एकच येते.

आणि येथे भाषेच्या अभ्यासकाला एक गोष्ट खटकत राहते. समूहमनाला स्वतःशी बोलण्याची गरज नाही. जगातल्या सर्व भाषा त्याला अवगत आहेत, पण बोलायचे ते तेरा जणांशी. २०११च्या जनगणनेनुसार आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा असलेली मराठी त्या जगात एका शब्दाचीही हानी न होता जतन झालेली असणार, तिच्या सर्व बोलींसह, ओव्यांसह, शिव्यांसह. ती कोणी कोणाला बोलणार नाही, एवढेच. लक्ष्मी घरी आपल्या मुलाला जेवायला हाक मारत असेल, ती कोणत्या भाषेत? आणि हाक मारण्यापूर्वीच तो ताटावर येऊन बसत असेल, तर ती हाक मारत तरी असेल का?