वाटणी आणि आठवण

१६७७ साली कावेरीच्या खोऱ्यात, कोळ्ळिडमच्या काठी, शिवाजी महाराज व व्यंकोजीराजे भेटले. तंटा शहाजीराजांच्या दौलतीतील अर्ध्या वाट्याचा होता. दोघे एका घराण्यातले, पण एका घरात वाढलेले नव्हते. महाराज बहुतांशी जिजाबाईंच्या छायेत, पुणे प्रांती वाढले. व्यंकोजी तुकाबाईंपाशी, कर्नाटकात, वडिलांच्या निकट. एकाला पिता दुरून ठाऊक, दुसऱ्याला नित्याच्या सहवासातून.

पुढे दोन्ही शाखांकडे आपापल्या आठवणी लिहिल्या गेल्या. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस रचलेल्या सभासदाच्या बखरीत व्यंकोजी प्रसंगापुरते येतात. सरफोजीराजांनी १८०३ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरविलेल्या मराठी वंशचरित्रात तेच राजवंशाचे मूळपुरुष ठरतात.

यांतील खरे कोणते? सन, प्रांत आणि करार यांचा निर्णय पुराव्याने होतो, व्हावयासही हवा. दौलतीचा तंटाही अखेर तहाने मिटला. बंगळूरचा प्रांत दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी मिळाला. परंतु पित्याची माया कोणाला किती लाभली, याचा निवाडा कोणताही पंच करू शकत नाही. तेथे भावाची आठवण खोटी ठरविणे म्हणजे त्याच्या वाट्याचा पिताच हिरावून घेणे होय.