निष्ठेचे देणे

हैदराबादच्या क्रिकेटप्रेमी मंडळींनी जे अनुभवले ते विचार करण्याजोगे आहे. २००८ साली त्यांचा ‘डेक्कन चार्जर्स’ हा संघ १४ पैकी २ सामने जिंकून आठ संघांत शेवटचा आला. पुष्कळांनी तरीही त्याची साथ सोडली नाही. २००९ साली त्याच संघाने जोहान्सबर्ग येथे अंतिम सामन्यात बंगलोरवर ६ धावांनी मात केली. आणि २०१२ साली संघच संपला. तो मैदानावर नव्हे, पैशाच्या अडचणींत आणि कोर्टकचेरीत! २०१३ साली नव्या मालकांचा, नव्या नावाचा संघ आला.

अशा वेळी प्रश्न पडतो, की चाहत्याला संघाकडे काही मागण्याचा हक्क आहे काय? विजय मागण्याचा हक्क खचित नाही. पराभव होताच जो खेळाडूंना शिव्याशाप देतो, तो प्रेम करीत नव्हता, व्यवहार करीत होता.

परंतु जो संघ गावाच्या जिवावर उभा राहतो, तो गावाचे देणे लागतो. मनापासून खेळणे आणि कारभार चोख ठेवणे, हे ते देणे. मालकी विकता येते, लोकांची माया विकता येत नाही.

वाचकहो, पुढच्या हंगामात आपला संघ हरेल, तेव्हा हा भेद ध्यानी असू द्या. हार पोटात घालावी. बेइमानीचा जाब मात्र अवश्य विचारावा.