बांधाजवळची ओळ

आषाढातला दिवस होता. कर्जत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत सातवीच्या वर्गात मी बसले होते. खिडकीबाहेरच्या खाचरात लावणी चालली होती आणि वर्गात क्षेत्रफळ चाललं होतं. ‘लांबी गुणिले रुंदी’ सगळ्यांना तोंडपाठ. मी विचारलं, “गुणाकारच का करायचा? लांबी-रुंदीची बेरीज का नाही?” वर्ग गप्प झाला. मग मागून एकाने सांगितलं, “बाई, सूत्रच तसं आहे.”

त्याला जे शिकवलं गेलं तेच त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. आपल्या वर्गांमधून गणित असंच पोचतं. रीत पोचते, ती रीत का चालते ते पोचत नाही. मुलांना समजून घ्यायचं नसतं असं म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत झाले नाही. त्यांना ‘का’ विचारायची सवयच आपण लागू देत नाही.

मी खिडकीकडे बोट दाखवलं. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, त्यामुळे या भागात चारसूत्री लागवड हा शब्द घरोघर ठाऊक आहे. डॉ. एन. के. सावंत यांच्या नावाशी जोडलेली ही पद्धत. तिच्यातलं एक सूत्र नियंत्रित लावणीचं. दोरीवर एक खूण १५ सेंटिमीटरवर, पुढची २५ वर, पुन्हा १५, पुन्हा २५, आणि हेच अंतर दोन्ही दिशांना. त्यामुळे चार चुडींचा, म्हणजे रोपांच्या जुडग्यांचा, एकेक छोटा चौकोन तयार होतो आणि त्या चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट चिखलात खोचायची. वजन २.७ ग्रॅम. ही गोळी वर्गातल्या निम्म्या मुलांनी स्वतःच्या हाताने खोचलेली होती.

“दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद खाचर. गोळ्या किती लागतील?”

दहा बाय दहा म्हणजे एक आर, सातबाऱ्यावर ‘हेक्टर-आर’ लिहितात त्यातला. गावात त्याला सरसकट गुंठाच म्हणतात, फरक फार नाही. मुलं वहीत आकडेमोड करायला लागली, पण एक मुलगी सरळ फळ्याकडे गेली. तिने १५ आणि २५ मिळून ४० केले, हजार सेंटिमीटरला ४० ने भागलं आणि म्हणाली, “एका ओळीत पंचवीस गोळ्या.” मग थांबली. मग हाताने हवेत ओळी मारत म्हणाली, “आणि अशा पंचवीस ओळी.” पंचवीस पंचवीस सव्वासहाशे. गुणाकारच का, याचं उत्तर त्या हाताच्या हालचालीत होतं. ओळी सारख्या आहेत, म्हणून एक ओळ मोजायची आणि ओळी किती तेवढ्या वेळा घ्यायची.

मग चुडी किती? कुणी ६२५ ची चौपट केली, कुणी एका बाजूला पन्नास चुडी धरून पन्नास गुणिले पन्नास केलं. दोन्हीकडून अडीच हजार आले. आता मी खोडा घातला. एका बाजूला चुडी पन्नास, गोळ्या पंचवीस, म्हणजे गोळ्या निम्म्या. मग एकूण गोळ्याही चुडींच्या निम्म्या, साडेबाराशे का नाहीत? पाऊण मिनिट कुणी बोललं नाही. त्या पाऊण मिनिटात काय घडतं ते ज्यांनी वर्गात अनुभवलं असेल, त्यांना मी काय म्हणते आहे ते कळेल. शेवटी एक मुलगा म्हणाला, “दोन्हीकडून निम्मं होतंय, म्हणून पाव होतंय.” बाजू निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होतं, हे कुठल्याही पाठात चौकटीत छापता येतं. पण त्या मुलाने ते चिखलातून वर काढलं होतं. पुढे हेक्टरला ६२,५०० गोळ्या आणि वजन १६९ किलोच्या आसपास, हे मुलांनी आपण होऊन काढलं.

या सगळ्यात तास संपला आणि पुस्तकातली चार उदाहरणं राहिली. वर्गशिक्षक अस्वस्थ होते आणि त्यांची अस्वस्थता मला खोटी वाटत नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत अनेक वर्ग एकट्याने हाकायचे, माहित्या भरायच्या, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मुलं बसवायची आणि वर ‘का’ ला वेळ द्यायचा. तरीही राहिलेली उदाहरणं उद्या दहा मिनिटांत सुटतील, असंच मला वाटतं. न समजता सोडवलेली उदाहरणं दरवर्षी पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागतात. वेळ खरा तिथे जातो.

पाठांतराला मी वैरी मानत नाही. पंचवीस पंचे सव्वाशे जिभेवर नसतं, तर ती मुलगी फळ्यापाशीच अडकली असती. आपल्याकडे जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणून घेत. औट म्हणजे साडेतीन. त्या मुलांच्या घरात पायली-अधोली रोज हातात असे, त्यामुळे घोकलेल्या शब्दाला धान्याचं वजन असे. माप घरातून गेलं तसे ते पाढेही गेले. आज अपूर्णांकांच्या भागाकाराला ‘उलट करून गुणा’ एवढंच उरलं आहे. ‘उलट का करायचं?’ हे मी शिक्षकांच्या बैठकीतही विचारते, तेव्हा खोलीत तीच सातवीतली शांतता पसरते. आजीला मात्र विचारा, अडीच पायली तांदूळ अधोलीने, म्हणजे अर्ध्या पायलीच्या मापाने, मोजले तर किती अधोल्या होतील. ती भांड्याकडे न बघता पाच म्हणेल. अडीचला अर्ध्याने भागल्यावर उत्तर मोठं का येतं, हे तिला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

गोंधळ पुष्कळदा भाषेतच दडलेला असतो. एकोणतीस ऐकून दुसरीतलं मूल ३९ लिहितं, कारण त्याच्या कानावर ‘तीस’ पडलेलं असतं. पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतो, लिहिताना आधी दोन येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ च्या जोडीने ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर वादळ उठलं आणि विषय विधानसभेत गेला. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी ते मुलांच्या बाजूने समजावून सांगितलं होतं. दक्षिणेकडच्या भाषांमध्ये दशक आधी बोलतात, हेही त्यांनी दाखवलं. त्या आता नाहीत. त्या वेळच्या गदारोळात लहान मुलाची अडचण फार थोड्यांनी ऐकली, याचं मला अजून वाईट वाटतं. एकवीस, बावीस हे आपल्या भाषेचं धन आहे आणि ते मुलांना यायलाच हवं. पण ज्या कातकरी वाडीवरच्या मुलाच्या घरची बोलीच वेगळी आहे, त्याला आधी दोन दशक आणि एक सुटा हातात द्या, ‘वीस एक’ म्हणू द्या, आणि मग एकवीस हे नाव द्या. वस्तू ओळखीची झाली की तिचं नाव लक्षात राहतं.

अपूर्णांकांसाठीही ओळखीची वस्तू जवळच आहे. आपल्या मुलांच्या दाराशी घाट आहे. बोरघाटाची रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. तिचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणून कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या, १९०७ मध्ये सुरू झालेल्या छोट्या गाडीचा चढ २० ला १. कुठला चढ जास्त उभा? जवळजवळ सगळी मुलं ३७ म्हणतात. हीच मुलं पेपरात एक सदतिसांश हा एक विसांशापेक्षा मोठा लिहितात. खालापूरच्या एका वर्गात आम्ही व्हरांड्यात खडूने सदतीस विती मोजल्या आणि टोकाला एक वीत उंच ठोकळा ठेवला. शेजारी वीस विती, तेवढाच ठोकळा. दोन्हीकडे दुसऱ्या टोकापासून ठोकळ्याच्या माथ्यापर्यंत सुतळी ताणली. एक मुलगी पोटावर आडवी झाली आणि डोळा सुतळीला लावून बघत राहिली. मग उठून म्हणाली, “एवढंच उंच जायला हिला कमी चालावं लागतं, म्हणून ही उभी.” अपूर्णांक लहान-मोठा ठरवायला तिला पुढे पुस्तकातल्या नियमाची गरज लागली नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे हा विषय मला नुसता शाळेचा वाटत नाही. दिवाळीनंतर कर्जत-खालापूर या दोन तालुक्यांतली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधी घेतलेली असते, आठवड्याला खर्ची मिळते, मजुरी हजार विटांमागे, आणि हिशोब पावसाच्या तोंडावर. वही मालकाकडे. त्या हिशोबाच्या वेळी वाडीतलं शिकलेलं पोर पुढे बसवतात. पोराला तीन अंकी वजाबाकी हातचा घेऊन बिनचूक येते, पण कशातून काय वजा करायचं हे ठरवता येत नाही. आणि साधारण किती यायला हवं याचा अंदाज त्याला बांधता येत नाही. दिवसाला हजार विटा पडत असतील आणि पंचवीस दिवस काम झालं असेल, तर पंचवीस हजारांच्या आसपासचा आकडा दिसला पाहिजे. वहीत एक शून्य कमी असेल तर ते डोळ्याला खुपलं पाहिजे. आपली परीक्षा शेवटच्या अंकापर्यंत बरोबर उत्तर मागते, अंदाजाला गुण ठेवत नाही. म्हणून अंदाज शिकवला जात नाही आणि त्याची किंमत भट्टीवर मोजली जाते. मी हे रागाने लिहिते आहे, आणि तो राग मला कमी करायचा नाही.

त्या आषाढातल्या तासाचं थोडं सांगायचं राहिलं. घंटा झाली, मुलं पांगली. फळ्याशी गेलेली ती मुलगी मात्र दप्तर घेऊन माझ्यापाशी आली. “बाई, पन्नास ओळी म्हणालो आपण. पण पहिली ओळ या बांधापासून धरली, तर पलीकडच्या बांधाजवळ अजून एक ओळ बसते. ती धरायची का?”

मी उत्तर दिलं नाही, कारण मलाही ते तपासायचं होतं. आम्ही दोघींनी व्हरांड्यात सुतळी पसरली आणि खुणा करत गेलो. पंधरा, पंचवीस, पंधरा, पंचवीस. हजारावर खरंच एक्कावन्नावी खूण आली. एक्कावन्न गुणिले एक्कावन्न तिने वहीच्या मागच्या पानावर केलं, २६०१ आले. मग ती बराच वेळ त्या शेवटच्या खुणेकडे बघत बसली.

“चुडी वाढल्या,” ती म्हणाली, “पण गोळ्या तेवढ्याच. त्या ओळीपुढं चौकोन पुराच होत नाही.”