कातडे खरे, प्राणी कल्पित

नेहमीच्या टॅक्सिडर्मीत कमावलेले कातडे फोमच्या कडक साच्यावर ताणून चिकटवतात. प्राणी एकाच पवित्र्यात कायमचा उभा राहतो. सॉफ्ट माउंटमध्ये साचा असतो तो डोक्यापुरता. बाकी अंगात कृत्रिम कापूस भरतात, पायांत आणि शेपटीत तार घालतात, वजन यावे म्हणून पंजांत बारीक मणी सोडतात आणि पोटाखालची शिवण केसांत दडवतात. असा प्राणी मांडीवर घेता येतो, त्याचे पाय हवे तसे वाकवता येतात. अमेरिकेत आणि युरोपात काही कारागीर कोल्ह्याच्या कातड्याला रेझिनची शिंगे आणि पिसांचे पंख जोडतात, काचेचे डोळे कोल्ह्याला न शोभणाऱ्या रंगाचे बसवतात, आणि तयार झालेला प्राणी ड्रॅगन किंवा ग्रिफिन (गरुडमुखी सिंह) म्हणून विकतात. मेलेल्या जिवाच्या देहाचे असे करणे योग्य आहे का?

यात फसवणूक होते, हा आक्षेप इथे टिकत नाही. १८४२ मध्ये पी. टी. बार्नम या तमाशेवाल्याने न्यूयॉर्कमध्ये माकड आणि मासा जोडून केलेली ‘जलपरी’ खरी म्हणून दाखवली. ती लबाडी होती. स्वीडनमधल्या सुंडस्वाल गावी १९१८ मध्ये पुढून ससा आणि मागून रानकोंबड्यासारखा पक्षी असा ‘स्क्वाडर’ तयार झाला, तो मात्र उघड थट्टेचा. आजच्या गिऱ्हाइकालाही ड्रॅगन नसतो हे पक्के ठाऊक असते.

अवघड आहे ती वेगळीच गोष्ट. गिऱ्हाइकाला कृत्रिम केसांचे खेळणे कमी पैशांत मिळते, तरी तो खऱ्या कातड्यासाठी जास्त मोजतो. हे कधीकाळी जिवंत होते, एवढी खूण त्याला हवी असते. धर्मांमध्ये अवशेषांना मान असतो तो याच ओढीतून. पण स्तूपातल्या अस्थींचे मोल त्या कोणाच्या आहेत यावर ठरते; नाव गेले की मोलही जाते. कल्पित प्राण्यात नेमके उलटे घडते. देह खरा हवा, पण तो कोणाचा हे पुसले जावे लागते. संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेला वाघ निदान वाघ म्हणून ओळखला जातो. ड्रॅगन झालेल्या कोल्ह्याकडे कोल्हेपणही उरत नाही. चपलेच्या कातड्याचेही तसेच होते हे खरे; फक्त चपलेला चेहरा नसतो, म्हणून तो प्रश्न डोळ्यांआड राहतो.

यावर नेहमीचे उत्तर असे की मेलेल्याला वेदना नसते. जनावरांबाबत ‘त्यांना दुःख होते का’ हाच प्रश्न महत्त्वाचा, असे इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने १७८९ मध्ये मांडले होते. त्याच बेंथमने स्वतःचा देह जतन करण्याचे मृत्युपत्रात लिहून ठेवले. १८३२ मध्ये तो वारल्यावर त्याच्या सांगाड्याभोवती गवत भरून त्यावर त्याचेच कपडे चढवले गेले. वाळवलेले डोके बघवेना, म्हणून मेणाचे बसवले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो आजही बसलेला दिसतो. हे कोणाला अवमानकारक वाटत नाही, कारण त्याने होकार दिला होता. कोल्ह्याचा होकार घेण्याची सोयच नाही. म्हणून वेदना संपली तरी जबाबदारी संपत नाही. ती सगळी हाताळणाऱ्याच्या बाजूला येते.

‘आम्ही मारत नाही, कातडे आयते मिळते’ हा कारागिरांचा दुसरा युक्तिवाद. भारतीय धर्मविचाराने त्याची फार पूर्वी छाननी केली आहे. हिंसा स्वतः करणे, करवणे आणि तिला संमती देणे, या तिन्ही वाटांनी कर्म लागते असे जैन मानतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, मांसाच्या संदर्भात, विकणारा आणि विकत घेणाराही घातक ठरवला आहे. बौद्ध भिक्षूला मात्र आपल्यासाठी मारलेले दिसले नसेल, ऐकले नसेल, तसा संशयही नसेल, तर भिक्षेतले मांस चालते. पण मांसाचा व्यापार उपासकाला वर्ज्य सांगितला आहे. या कसोट्या लावल्या की भेद स्पष्ट होतो. केसाळ कातड्यांसाठी कोल्हे आणि मिंक पिंजऱ्यांत वाढवतात. तिथले नवे कातडे घेणे ही पुढच्या हंगामाची मागणी असते, मग ते डागाळलेले आणि स्वस्त का असेना. जुना फरकोट उसवून केलेला प्राणी कोणाच्या मरणाची मागणी नोंदवत नाही. दोन्ही एकाच दुकानात शेजारी ठेवून कातडे कुठले हे न सांगणे, हा या धंद्यातला खरा दोष आहे.

कायदा इथे अर्धवटच मदत करतो. अमेरिकेच्या १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार तिथल्या बहुतेक रानपक्ष्यांचे गळून पडलेले पीसही परवान्याशिवाय बाळगता येत नाही, म्हणून पंखांना कोंबडीची किंवा हंसाची रंगवलेली पिसे लागतात. गळलेले पीस निषिद्ध आणि कत्तलखान्यातले चालते, हा शिकारीला आळा घालण्याचा हिशेब आहे; पापपुण्याचा नव्हे.

पूर्ण कृत्रिम केसांचे कल्पित प्राणीही काही कारागीर करतात. देखाव्यालाही दोष लागतो का, हा प्रश्न मग उरतो, आणि जैन परंपरेत त्याची कथा आहे. सोमदेवाच्या ९५९ मधल्या ‘यशस्तिलक’ ग्रंथात यशोधर राजा आईच्या आग्रहाने पिठाचा कोंबडा देवीला बळी देतो आणि त्यापायी दोघांना पशुयोनीत जन्म घ्यावे लागतात. रक्त सांडले नव्हते, मनात मारणे होते. कृत्रिम केसांचा ड्रॅगन शिवणाऱ्याच्या मनात मारणे नसते. त्यामुळे या सर्वांत कडक कसोटीवरही तो निर्दोष ठरतो.