नवस बापाचा, जीव लेकराचा

पौलाने तीताला ज्या क्रेत बेटात ठेवले, त्याच बेटाचा प्राचीन राजा म्हणून ग्रीक कथांत इदोमेनेयस येतो. होमरच्या काव्यात तो ८० गलबते घेऊन त्रॉयच्या युद्धाला जातो आणि युद्धातून वाचलेली आपली सर्व माणसे सुखरूप घरी आणतो. तेथे नवसाचे नावही नाही. व्हर्जिलच्या काव्यावर टीका लिहिणारा लॅटिन पंडित सर्व्हियस मात्र निराळेच सांगतो. परतताना तुफान झाले, तेव्हा राजा नवस बोलला की, जे प्रथम भेटेल ते अर्पण करीन. भेटला तो त्याचाच मुलगा. कोणी म्हणतात त्याने बळी दिला, कोणी म्हणतात देऊ पाहिला. प्रजेने मात्र या क्रौर्याबद्दल त्याला हाकलून लावले. मोझार्टच्या १७८१ सालच्या संगीत नाटकात देववाणी होते, मुलगा वाचतो आणि राज्यही त्यालाच मिळते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना येथे इफ्ताह आठवेल (शास्ते ११). त्याच्या मुलीला मारले नाही, आजन्म कुमारी ठेवले, असे काही टीकाकार म्हणतात. हा अर्थ मला सोयीचा वाटतो. ३९ वे वचन सरळ वाचले तर तो टिकत नाही. इब्री ११ मध्ये इफ्ताहाचे नाव आहे खरे, पण शमशोनाचेही आहे.

दिलेला शब्द पाळावा, यात वाद नाही. परंतु या दोघा बापांनी देऊ केलेली वस्तू त्यांची नव्हतीच. शिवाय लेकरांचे होम देवाला किळसवाणे वाटतात, हे अनुवाद १२ मध्ये सांगितलेले आहे. देवाने जे मना केले ते त्यालाच देण्याचे वचन बांधील कसे? हेरोदानेही शपथेखातरच योहानाचे शिर दिले.

शौलाच्या शपथेपायी योनाथान मरणार होता, तेव्हा लोक मध्ये पडले व त्यांनी त्याला सोडवले (१ शमुवेल १४). इफ्ताहाच्या मुलीला तर दोन महिने मिळाले होते. ज्या गिलादी वडीलजनांनी इफ्ताहाला लढाईसाठी बोलावून आणले, त्यांच्यापैकी कोणी या दोन महिन्यांत त्याच्याशी बोलल्याचे लिहिलेले नाही. मैत्रिणी तेवढ्या तिच्याबरोबर डोंगरावर गेल्या.

आपल्या मंडळ्यांतूनही आजारी मुलासाठी आईबाप नवस करतात: वाचला तर पाळक करू. उदाहरण हन्नेचे देतात. शमुवेलाला पुढे देवाने स्वतः नावाने हाक मारली, हे विसरतात. मुलगा वाचतो, मोठा होतो, त्याला पाचारण नसते, यंत्रांची आवड असते. मग देवाला दिलेला शब्द त्याला रोज जेवताना ऐकवला जातो. अशा घरी पाळकांनी व वडीलजनांनी अवश्य जावे, आणि मुलाच्या आधी बापाशी बोलावे.