पाठवल्यानंतरचा विचार

१ जुलै २०१८. रविवार होता, आणि धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना तिथे जमावाने मुलं पळवणारी टोळी समजून ठार मारलं. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होत्या. ते मेसेज ज्यांनी पुढे पाठवले, त्यांतल्या बहुतेकांना आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना सावध करतोय असंच वाटलं असणार. ही गोष्ट मला अजूनही छळते. चांगल्या हेतूने केलेल्या कृतीचं पुढे काय झालं, हे पाहायची सोयच आपल्या ऑनलाइन जगण्यात नाही. मेसेज गेला की आपल्यापुरता विषय संपतो.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या अफवांना ऊत आला असताना, हातोहात फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याचं बंधन आलं आणि अशा मेसेजांचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. हे चांगलंच झालं. पण यात करून पाहिलं कंपनीने, मोजलं कंपनीने आणि त्यावरून पुढचं ठरवलंही कंपनीनेच. ज्यांच्या बोटांनी हे मेसेज फिरत होते, त्यांना विचार करायला कुणी बसवलं नाही. पाचावरून एकावर का आलो, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे?

लोकांनाच विचार करायला बसवलं तर काय होतं, हे पाहिलं कुर्ट लेविन या जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या ज्यू मानसशास्त्रज्ञाने. दुसऱ्या महायुद्धात मांसाची टंचाई होती आणि हृदय, गुरदे यांसारखे अवयव शिजवायला अमेरिकी गृहिणी राजी नव्हत्या. लेविनने काही गटांसाठी उत्तम व्याख्यानं ठेवली: पोषण, काटकसर, देशाची गरज, सगळं त्यात होतं. बाकीच्या गटांत बायकांनाच आपसात बोलू दिलं. घरच्यांना चालेल का, वास कसा घालवायचा, अशी चर्चा झाली आणि शेवटी पुढच्या आठवड्यात कोण करून पाहणार, म्हणून हात वर करायला सांगितले. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी पूर्वी कधी न केलेला असा पदार्थ घरी केला. चर्चा करून ठरवलेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के निघालं. पुढे १९४६ मध्ये त्याने आपली पद्धत मांडली: ठरवा, करा, काय झालं ते तपासा, त्यावरून पुन्हा ठरवा. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे चालतं ते व्याख्यानाच्या प्रकारचं. अॅडमिन नियमांची यादी टाकतो, खाली अंगठे उमटतात आणि चार दिवसांत सगळं मूळपदावर येतं.

अॅडमिनला एकट्याला फार काही करता येतही नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सदस्याच्या मेसेजसाठी अॅडमिनला जबाबदार धरायला नकार दिला, तो याच कारणाने: सदस्य घेणं आणि काढणं, एवढाच त्याचा अधिकार असल्याचं न्यायालयाने तेव्हा म्हटलं. मग जबाबदारी उरते ती सगळ्यांची.

सगळ्यांनी ती घेतल्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे, तेही मोबाइल येण्याआधीपासूनचं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावात अभ्यासगट चालतो. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा ही त्यामागची नावं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा. अभ्यासगट फक्त चर्चा करतो. तिथे काही ठरवायचं नसतं, त्यामुळे कुणाला जिंकायचंही नसतं. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. बोलण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवण्यात मला मोठं शहाणपण दिसतं. आपल्या ग्रुपवर दोन्ही एकाच पडद्यावर, एकाच मिनिटात उरकायचा प्रयत्न होतो. म्हणून प्रत्येक चर्चेचा सामना होतो.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘टँकर कधी येणार?’ हा प्रश्न सकाळी सुप्रभाताच्या फुलांखाली गाडला जायचा. निवडणुकीत तर दोन घरं लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलेनाशी झाली. शेवटी सभेत असं ठरलं की महिनाभर करून पाहू: काहीही पुढे पाठवायचं तर ते आपण का पाठवतोय, हे स्वतःच्या दोन ओळींत लिहायचं. महिना संपल्यावर सगळे पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसले आणि मोबाइलवर तो महिना मागे सरकवत वाचून काढला. मेसेज बरेच कमी झाले होते, टँकरची वेळ सापडत होती. पण दुसऱ्या मजल्यावरचे एकटे राहणारे आजोबा म्हणाले, “मला टाइप करता येत नाही. सकाळचं फूल म्हणजे मी उठलोय, ठीक आहे, एवढंच सांगणं होतं. महिनाभर तेही बंद झालं.”

नियम करताना हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. पुढच्या महिन्यासाठी पाणी-लिफ्टचा ग्रुप वेगळा केला, मूळ ग्रुपवर बोलून पाठवलेले मेसेज चालतील असं ठरलं, आणि आजोबांचं फूल परत आलं. ते नऊपर्यंत दिसलं नाही तर शेजारची मुलगी बेल वाजवते. राजकारणाचा तिढा मात्र सुटलेला नाही. त्यावर अजून दोनदा बसावं लागेल, कदाचित जास्तच. पण लिफ्टमध्ये अबोला धरलेल्या घरांतली माणसं त्या खुर्च्यांवर येऊन बसली, हे मी पाहिलंय.

या दिवाळीत घरचे, शेजारचे, जुन्या वर्गातले फराळाला जमतील. तेव्हा अर्धा तास काढून आपल्या ग्रुपचा गेला महिना सगळ्यांनी मिळून वाचा. कोण गप्प झालं, कशाने, आणि पुढच्या महिन्यात कोणती एकच गोष्ट बदलून पाहायची, एवढं ठरवा. महिन्याने पुन्हा बसायची तारीखही त्याच दिवशी पक्की करा.