वेळ कोणाची, शब्द कोणाचा?

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आजही 'कालनिर्णय' टांगलेले आहे. जयंत साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केले आणि बघता बघता ते सगळ्या धर्मांच्या मराठी घरांत जाऊन बसले. दिवाळी, ईद, पतेती आणि नाताळ एकाच भिंतीवर! आई त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर आल्याची तारीख, भिशीचा हप्ता आणि नातलगांचे वाढदिवस पेन्सिलीने लिहून ठेवी. कोणाचे आजारपण कळले की तिथेच त्याचेही नाव येई.

आता हे काम मोबाईल करतो. आम्ही दोघेही नोकरी करतो. एक मुंबईला जातो, एक ठाण्याला. कल्याण स्टेशनवर सकाळी पाय ठेवला की संध्याकाळपर्यंत दिवस आपला राहत नाही. म्हणून मागच्या वर्षी आम्ही आमची दिनदर्शिका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका सहायकाकडे सोपवली. हा सहायक आलेले ई-मेल वाचतो, त्यातल्या तारखा वेचतो, दोघांच्या वेळा शेजारी ठेवून पाहतो आणि मोकळी जागा शोधून देतो. दोन कामे एकमेकांवर आली, तर एक पुढे सरकवू का, असे नम्रपणे विचारतो. कधी कधी तो चुकीची तारीखही तितक्याच ठामपणे सांगतो, कारण शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव आहे या अंदाजावर त्याची भाषा उभी असते. पण एकंदरीत आम्ही खूश होतो.

मग सरांची गोष्ट घडली. सर म्हणजे आमचे जुने शिक्षक, वय ८० च्या पुढे, राहायला दुर्गाडीच्या बाजूला. एका रविवारी मिस्साबलिदानानंतर ते भेटले, तेव्हा "येतो सर, या आठवड्यात नक्की येतो," असे आम्ही म्हटले. सहायकाला सांगितले. त्याने शुक्रवारी संध्याकाळची वेळ धरली. शुक्रवारी ऑफिसची मीटिंग आली. भेट पुढच्या बुधवारी गेली. बुधवारी मुलाच्या शाळेत पालकसभा निघाली. भेट पुन्हा सरकली. असे चार वेळा झाले. दर वेळी त्याने विचारले आणि दर वेळी आम्ही अंगठ्याने 'हो' म्हटले. पाचव्या तारखेला आम्ही खरोखर गेलो, तेव्हा सरांना अर्धांगवायूचा झटका येऊन नऊ दिवस झाले होते. त्यांची वाचा गेली होती. बाई म्हणाल्या, "ते दोन आठवडे रोज संध्याकाळी सदरा बदलून बसायचे हो. म्हणायचे, आज येतील."

प्रिय वाचकहो, यात चूक कोणाची?

पहिल्यांदा आम्ही राग मोबाईलवर काढला. पण विचार केला तेव्हा कळले, की यंत्राने आमची आज्ञाच पाळली होती. मीटिंग हलवायची तर आणखी सहा माणसांच्या दिनदर्शिका आडव्या येत होत्या. शाळेची सभा शाळेने ठरवलेली. सरांकडे मात्र दिनदर्शिका नव्हती, त्यांनी निमंत्रण धाडले नव्हते आणि भेट सरकली तरी त्यांच्या फोनवर घंटी वाजणार नव्हती. यंत्राच्या लेखी ती सर्वांत सहज हलणारी गोष्ट होती. जो ओरडत नाही, तो मागे सरकतो. वृद्ध, आजारी, एकटी राहणारी माणसे आपल्या वेळेवर हक्क सांगायला येत नाहीत. हा पक्षपात यंत्राने शोधून काढलेला नाही. तो आमच्यातच होता. पूर्वी सरांकडे जायचे राहिले की निदान मनाला टोचत असे. आता "पुढची तारीख ठरली आहे" या समाधानाने ती टोचणीही गेली. यंत्राने आमची कामे हलकी केली ती केलीच, पण त्यासोबत आमची सल हलकी केली, हे आम्हांला अधिक गंभीर वाटते.

मग हा सहायक फेकून द्यावा का? आम्हांला तसे वाटत नाही. आईच्या पेन्सिलीची आठवण गोड आहे, पण घरातल्या सगळ्यांच्या वेळा एकट्या आईच्या डोक्यात असत, हेही खरे आहे. वीजबिल, लसीकरण, आजोबांचे रक्तदाबाचे औषध, सारे तिनेच आठवायचे आणि एखादे विसरले तर बोलणेही तिनेच खायचे. "आम्हांला कधी यंत्र लागले नाही," असे जे म्हणतात, त्यांच्यासाठी बहुधा दुसरे कोणीतरी आठवण ठेवत होते. ते ओझे उतरत असेल तर त्यात न्यायच आहे.

शिवाय वेळ बाहेरून ठरवली जाणे आपल्या भागाला नवे नाही. १८५४ साली रेल्वे कल्याणपर्यंत आली आणि इथल्या माणसांच्या दिवसात मिनिटे आली. त्या शतकात रेल्वे मद्रासच्या वेळेने धावे आणि मुंबई शहर स्वतःच्या वेळेने चाले; दोन्हींत सुमारे अर्ध्या तासाचा फरक होता. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईकरांना घड्याळ ३९ मिनिटे पुढे करायचे होते. शहराने विरोध केला आणि मुंबईची जुनी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून राहिली. प्रमाणवेळेने पुढे सोयच झाली. पण आपल्या दिवसाची वेळ कोण ठरवणार, हा प्रश्न त्या लोकांनी निदान विचारला. आम्ही तो न विचारताच 'हो' म्हटले.

१४ जून २०२४ रोजी इटलीत जी-७ राष्ट्रांच्या परिषदेत पोप फ्रान्सिस याच विषयावर बोलले होते. त्यांनी एक भेद दाखवला. यंत्र अनेक पर्यायांतून एक निवडू शकते. निर्णय मात्र माणूस अंतःकरणाने घेतो. आमच्या छोट्याशा गोष्टीत हा भेद नेमका बसतो. शुक्रवार की बुधवार, ही निवड. सरांना दिलेला शब्द मोडायचा की नाही, हा निर्णय. आम्ही दुसऱ्यालाही पहिल्याच्याच रांगेत बसवले. मीटिंग हे काम आहे, ते हलवता येते. शब्द हा दोघांचा असतो, तो एकट्याने हलवता येत नाही. सरांना एक फोन केला असता, तर निदान त्यांचा सदरा बदलणे थांबले असते.

शुभवर्तमानात येशू याईराच्या मरणोन्मुख मुलीकडे निघाला असता गर्दीतली एक आजारी स्त्री त्याच्या वस्त्राला शिवते. घाईच्या कामात तो थांबतो, तिला शोधतो, तिच्याशी बोलतो. ती कोणत्याही यादीत नव्हती. वेळापत्रक जितके घट्ट बसवावे, तितकी अशा स्त्रीला जागा कमी उरते.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. दिनदर्शिकेत फक्त आपली माहिती नसते. कोणाची केमोथेरपी, कोणाचे समुपदेशन, कोणाचे न्यायालयातले काम, हे सारे आम्ही सहायकाला बिनदिक्कत सांगत होतो. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला; पण आपण घरगुती कारणासाठी दुसऱ्याची माहिती वापरतो, तेव्हा तो आपल्याला लागू होत नाही. तिथे प्रश्न केवळ सद्सद्विवेकाचा उरतो. २०२५ साली संशोधकांनी तर दाखवून दिले, की दिनदर्शिकेच्या एखाद्या निमंत्रणात लपवलेली सूचना अशा सहायकाला फसवू शकते. विश्वासाने सांगितलेले गुपित अशा ठिकाणी ठेवावे का?

आम्ही आता तीन गोष्टी ठरवल्या आहेत. माणसांना दिलेल्या भेटी सहायकाने हलवायच्या नाहीत. हलवायची वेळ आलीच तर आधी त्या माणसाला फोन करायचा. दुसऱ्याचे दुखणे मोबाईलमध्ये लिहायचे नाही. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी ठेवायची, तिच्यात काहीही भरायचे नाही.

ती संध्याकाळ बुधवारची. बहुतेक बुधवारी आम्ही सरांकडे जातो. ते बोलत नाहीत, आम्हीही फारसे बोलत नाही. बाई चहा करतात. सहायकाला ती वेळ रिकामी दिसते आणि तिथे काहीतरी बसवू का, असे तो अधूनमधून विचारतो. आम्ही 'नाही' म्हणायला शिकतो आहोत.

आज घरी गेल्यावर आपणही आपली दिनदर्शिका एकदा मागे चाळून पाहावी. सर्वांत जास्त वेळा कोणाचे नाव पुढे सरकले आहे? त्या माणसाला आजच एक फोन करावा.